आधारचा अंगठा लॉक कसा करायचा, आणि सोसायटीच्या गेटला चेहरा देण्याआधी काय विचारायचं

आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर खात्यातनं पैसे निघतात हे अजून बऱ्याच लोकांना माहीतच नाहीये. ह्याला एईपीएस म्हणतात, ह्यात ओटीपी नाही, पिन नाही, एटीएम कार्ड नाही. जिथून बँकेची शाखा लांब आहे तिथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही सोय खरंच मोठी आहे, पण दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून, सिलिकॉनचे अंगठे बनवून लोकांची खाती साफ केल्याच्या केसेस वेगवेगळ्या राज्यांत झाल्यात. पिन फुटला तर दुसरा घेता येतो, अंगठा कुठून आणणार? म्हणून माझं म्हणणं एकच, अंगठा कायम लॉक ठेवा, म्हणजे आधारला तो चालणारच नाही असं करून ठेवा, आणि लागेल तेवढ्यापुरताच उघडा.

आधी बघा की आधारला लिंक असलेला मोबाईल नंबर चालू आहे का, कारण सगळं ओटीपीवर चालतं. आई-बाबांच्या बाबतीत इथेच गाडी अडते, जुनं सिम बंद पडलेलं असतं आणि कोणाच्या लक्षातच नसतं. तसं असेल तर आधार सेवा केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या, ७५ रुपये फी आहे, घरी बसून ऑनलाइन करायच्या नादात कुठल्यातरी भलत्या साइटवर जाऊ नका.

नंबर चालू असेल तर यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मायआधार पोर्टलवर जा, आधार नंबर आणि कॅप्चा टाका, ओटीपी टाकून लॉगिन करा. आत "लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स" दिसेल, ते उघडा, खाली संमतीच्या चौकोनात टिक करा आणि नेक्स्ट दाबा, झालं. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा तिन्ही लॉक होतात. "लॉक/अनलॉक आधार" नावाचं अजून एक ऑप्शन आहे ते वेगळं, त्यात आख्खा नंबरच लॉक होतो आणि नंतर प्रत्येक ठिकाणी १६ आकडी व्हीआयडी (आधार नंबरऐवजी द्यायचा बदली नंबर) लागतो, तर घाईत त्यावर क्लिक करू नका.

लॉक केल्यावर ओटीपीवरची केवायसी आधीसारखीच चालू राहते. अडतं ते फक्त अंगठा किंवा चेहरा लागतो तिथे, म्हणजे रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन, पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला, अंगठा लावून नवीन सिम घेणं. मशीनवर ३३० नंबरचा एरर आला तर समजा लॉक आहे, मशीन बिघडलेलं नाही आणि तुमची बोटं झिजलीत असंही नाही. अशा वेळी त्याच पोर्टलवर जाऊन तात्पुरतं अनलॉक करायचं, ते १० मिनिटं उघडं राहतं आणि मग आपोआप लॉक होतं. त्यामुळे रेशनच्या लाइनीत आपल्या पुढे एक-दोन जण उरले की मगच अनलॉक करा, घरून निघताना केलंत तर दुकानात पोचेपर्यंत परत बंद. आणि आई एकटीच दुकानात जात असेल, तिला हे फोनवर जमत नसेल, तर तिच्या जाण्याची वेळ ठरवून तुम्ही घरून करून द्या, पण ओटीपी तिच्या फोनवर येतो हे लक्षात ठेवा, आणि तो तुमच्याशिवाय कोणालाही सांगायचा नाही हे तिला नीट समजावून सांगा.

पोर्टलवरच ऑथेंटिकेशन हिस्ट्री पण बघून घ्या, मागच्या ६ महिन्यांत आधार कधी आणि कशाने तपासलं गेलं ते त्यात दिसतं. तुम्ही त्या दिवशी कुठेच अंगठा लावला नव्हता आणि तिथे फिंगरप्रिंट दिसतंय, तर लगेच लॉक करा आणि बँकेचं स्टेटमेंट काढा. पैसे गेले असतील तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा आणि बँकेला ३ कामाच्या दिवसांच्या आत कळवा, तोंडी नको, पोच घेऊन.

आता सोसायटीचा गेट. बऱ्याच ठिकाणी चेहरा ओळखणारी मशीन लागतायत आणि कमिटी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकते की रविवारपर्यंत सगळ्यांनी चेहरा रजिस्टर करा. फोनमधलं फिंगरप्रिंट फोनमध्येच राहतं, पण गेटच्या मशीनचा डेटा बहुतेक वेळा व्हेंडरच्या, म्हणजे मशीन पुरवणाऱ्या कंपनीच्या, सर्व्हरवर जातो, हा फरक कमिटीतल्या लोकांनाही कोणी सांगितलेला नसतो. त्यामुळे भांडण न करता सेक्रेटरींना ईमेल करा आणि विचारा: फोटो साठवता की फक्त त्याचा टेम्प्लेट (चेहऱ्यावरून बनवलेला आकड्यांचा कोड), सर्व्हर कुणाचा, लॉग (कोण कधी आलं-गेलं त्याची नोंद) कोण बघू शकतं, हा डेटा किती दिवसांनी डिलीट होतो, व्हेंडरबरोबरच्या करारात हे लिहिलंय का. ज्यांना चेहरा द्यायचा नाही त्यांच्यासाठी कार्ड किंवा पिन ठेवा अशी मागणी करा, ही मागणी अजिबात अवाजवी नाही. २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय, आणि २०२३ च्या डेटा कायद्यातही संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं असं आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय.

आणि कामवाल्या मावशी, ड्रायव्हर, दूधवाले ह्यांचं काय? त्यांना कोणी विचारतच नाही, नाही म्हटलं तर काम जाईल म्हणून ते उभे राहतात मशीनसमोर. ईमेलमध्ये त्यांच्यासाठीही कार्ड मागा, प्लीज. आधारची झेरॉक्स मागितली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, पोर्टलवरून डाउनलोड होतं.

भाडेकरू असाल तर घर सोडताना, एनओसी घेतानाच, चेहरा आणि गाडीचा नंबर सिस्टीममधून काढल्याचं लेखी मागून घ्या, नंतर कोणी फोन उचलत नाही.