हायब्रिड घ्यायची का? शोरूममध्ये जाण्याआधी करायचं गणित

शोरूममध्ये पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "सर, बजेट किती?" आकडा सांगायची घाई करू नका. तुमची गाडी महिन्याला किती चालते आणि कुठे चालते, हे ठरल्याशिवाय बजेटला अर्थ नाही. अंदाजावर जाऊ नका, कारण आपण बहुतेक जण आपली धाव फुगवूनच सांगतो. जुन्या गाडीची सर्व्हिसिंगची दोन बिलं काढा. दोन्हींवर तारीख आणि किलोमीटर असतात, वजाबाकी केली की खरा आकडा हातात.

आता कुठे चालते ते बघा. समजा तुम्ही नाशिकचे, घर गंगापूर रोडला आणि नोकरी अंबड एमआयडीसीत, येता-जाता मुंबई नाक्याला रखडणं ठरलेलं, असं असेल तर हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचा, विचार जरूर करा. ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती ही गाडी बॅटरीत साठवते आणि तिचा 'स्ट्राँग' प्रकार सरकत्या ट्रॅफिकमध्ये बराचदा इंजिन बंद ठेवून मोटरवर चालतो. धुळ्याच्या दिशेने एका वेगाने पळताना मात्र इंजिन बराच वेळ चालूच असतं, त्यामुळे तिथे बचत कमी. गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये आणि रविवारी त्र्यंबकेश्वर, एवढाच वापर असेल तर साधी पेट्रोल घ्या आणि उरलेले पैसे सुखाने खर्च करा.

कुठली हायब्रिड?

इथे भलेभले फसतात. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, गाडी एकटी ओढू शकत नाही. स्ट्राँग हायब्रिड थोडं अंतर मोटरवर चालते. मागच्या बाजूला दोघींवरही हायब्रिडचं नाव चिकटवलेलं असू शकतं. म्हणून सरळ विचारा, "इंजिन बंद असताना ही गाडी चालते का?" उत्तर गोलगोल आलं तर माइल्ड समजा. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोन्ही गाड्या दोन्ही प्रकारांत आल्या, त्यामुळे कोटेशनवर व्हेरिएंटचं पूर्ण नाव बघा. होंडाची सिटी ई:एचईव्ही आणि टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसची हायब्रिड या स्ट्राँग. यांपैकी कुठलीच चार्जिंगला लावावी लागत नाही.

"सर, ही अर्धी इलेक्ट्रिकच आहे," असंही ऐकवतील. कराच्या बाबतीत तसं काही नाही. सप्टेंबर 2025 पासून इलेक्ट्रिक गाडीवर 5 टक्के जीएसटी आहे, तर चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर 40. आरटीओलाही पेट्रोल गाडीचाच कर भरावा लागतो.

जास्तीचे पैसे वसूल कधी होतात?

समजा हायब्रिड तीन लाखांनी महाग आहे आणि पेट्रोल 105 रुपये लिटर. साधी गाडी शहरात 14 चं मायलेज देते आणि हायब्रिड 21 चं, असं धरू. म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपयांऐवजी पाच, बचत अडीच रुपये. तीन लाख भरून निघायला 1,20,000 किलोमीटर लागतील. वर्षाला 10,000 चालवणाऱ्याला बारा वर्षं, 20,000 वाल्याला सहा.

पण तुलना कशाशी करताय तेही बघा. या स्ट्राँग हायब्रिड ऑटोमॅटिकच येतात. तुम्हाला तसंही ऑटोमॅटिक हवं असेल तर ऑटोमॅटिक पेट्रोलशी तुलना करा, तीही त्याच फीचर्सच्या. फरक समजा 1,80,000 वर आला, तर त्याच बचतीने 72,000 किलोमीटरमध्ये हिशोब बरोबर होतो. मॅन्युअलवर खूश असाल तर मात्र पहिलंच गणित खरं.

ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचा जाहीर झालेला 27.97 हा मायलेजचा आकडा चाचणीतला आहे. तो हिशोबात धरू नका, तीच गाडी वापरणाऱ्या एखाद्याचा मीटर बघा. बॅटरीची भीती घालणारे शेजारी असतातच. त्यांना काय सांगायचं ते सांगा, पण हायब्रिड बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, हे लेखी घ्या.

टेस्ट ड्राइव्ह

शोरूमवाले मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात. तुम्ही संध्याकाळची वेळ मागा आणि तुमच्या रोजच्या रस्त्याने चला. निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणा. घरची चार माणसं बसवून चढावर जोरात ॲक्सिलरेटर दाबा, इंजिनाचा आवाज एकदम चढतो. कसारा घाट चढताना तो बराच वेळ ऐकावा लागेल, चालणार आहे का ते तेव्हाच ठरवा. डिकी उघडायला विसरू नका. काही मॉडेल्समध्ये बॅटरी तिथली जागा खाते, आणि गावाहून येताना तांदळाची पोती आणणाऱ्या घरात हा मुद्दा छोटा नाही.

कोटेशनवर बसणं

सेल्समनशी वैर नको, त्या पोरालाही टार्गेट असतं. पण बोलणी एकाच आकड्यावर ठेवा: ऑन-रोड किंमत, म्हणजे कर, नोंदणी, विमा सगळं धरून, एकेक ओळ सुटी लिहून. "ईएमआय फक्त इतका" हे वाक्य आलं की कागद परत ऑन-रोडवर आणा.

हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्जेस हा सरकारी कर नाही, ती ओळ खोडायला सांगा. ॲक्सेसरीजचा "बेसिक किट" सक्तीचा नसतो. दहा लाखांवरच्या गाडीवर 1 टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने विक्रीच्या वेळीच गोळा करायचा इन्कम टॅक्स, लागतो, तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता होतो, म्हणून पावती जपा. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा तीन वर्षांचा लागतो, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो. "बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही," म्हणाले तर विमा कंपनीला फोन करून त्याच वर्कशॉपचं नाव विचारा. ते यादीत आहे की नाही एवढाच प्रश्न असतो.

मग नेहमीचा डाव येतो. "सर, ही ऑफर आजच्यापुरतीच, मॅनेजरला कसंबसं पटवलंय." तुम्ही म्हणा, "लिहून द्या, घरी विचारून सांगतो." या वाक्यापुढे कुठलाच मॅनेजर टिकत नाही. तेच कोटेशन दुसऱ्या डीलरला दाखवा. बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हेही पावतीवर हवं.

दसरा-पाडव्याच्या डिलिव्हरीचा हट्ट असेल तर तो सौदा ठरेपर्यंत बोलू नका. मुहूर्त कळला की समोरचा सवलतीवरचा हात आखडता घेतो. आणि मुहूर्ताच्या गडबडीत फॉर्म 22, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र, बघायचा राहून जातो. त्यावर गाडी कुठल्या महिन्यात बनली ते असतं. त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवून बघा, उरलेली रक्कम त्यानंतरच भरा. गाडी बरेच महिने यार्डात उभी असेल तर त्या जोरावर आणखी सूट मागा किंवा दुसरी गाडी द्यायला सांगा. एमएच 15 ची नंबर प्लेट लागल्याशिवाय किल्ली घेऊ नका, पेढे वाटून झाले असले तरी.