कुलूप एकदाच ओढून कसं निघावं

कुलूप लावलं, ओढून पाहिलं, जिना उतरलात आणि शेवटच्या पायरीवर शंका आली, 'लागलंय ना नक्की?' की परत वर. असं कधीमधी कुणाचंही होतं. पण रोजच्या चार-चार फेऱ्या होत असतील, गॅसच्या बटणाकडे टक लावून पाहिलं तरी ते बंद आहे हे मनाला पटत नसेल, तर त्याला मराठीत जुना, नेमका शब्द आहे: मंत्रचळ. डॉक्टर ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात. दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ यात जात असेल किंवा काम, झोप, नाती यामुळे अडत असतील, तर ती खोड राहिलेली नाही, आजार आहे. मग पुढे सांगितलेली पद्धतच वापरायची, पण ती शिकलेल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने. त्रास त्याहून कमी असेल तर स्वतः करून बघायला हरकत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. अशा माणसाला वाटतं, आपली स्मरणशक्ती कच्ची आहे, म्हणून परत बघावं लागतं. गोष्ट जवळजवळ उलटी आहे. 2003 मध्ये मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट या संशोधकांनी निरोगी माणसांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हापुन्हा तपासायला लावली. शेवटच्या वेळी काय पाहिलं, याची उत्तरं त्यांनी बरोबरच दिली. पण ती आठवण धूसर झाली होती आणि तिच्यावरचा भरवसा उडाला होता. म्हणजे आठवण शाबूत, विश्वास गायब! पुढे खऱ्या शेगडीवरही हेच दिसलं. तेव्हा खात्री व्हावी म्हणून घातलेली प्रत्येक फेरी खात्रीच खाते.

मेंदूत काय चालतं? कपाळामागे, डोळ्यांच्या वर असलेला भाग 'काहीतरी चुकलंय' अशी सूचना देतो. ती खोलवरच्या कॉडेट या भागाकडे, तिथून पुढे थॅलॅमसकडे आणि फिरून परत कपाळामागे येते. एरवी 'झालं, पुढे चला' म्हणून हा फेरा थांबतो. मंत्रचळात तो थांबत नाही, घंटा वाजतच राहते. त्यातच परत जाऊन पाहिलं की क्षणभर हायसं वाटतं आणि मेंदू शिकतो, तगमग झाली की तपासायचं. व्यसनातही शिकण्याचा हाच मार्ग सापडतो. सुरुवातीची मजा संपलेली असते, माणूस नुसती बेचैनी घालवायला पुढचा घोट घेतो.

आता कामाला लागू. पहिला आठवडा काहीही बदलू नका, नुसतं मोजा. काय तपासलं, किती वेळा, किती मिनिटं गेली, एवढंच वहीत लिहा. बहुतेकांना आपला आकडा निम्माच वाटत असतो, असा माझा अंदाज.

मग यादी करा. न तपासता निघालो तर किती तगमग होईल, याला शून्य ते शंभर गुण द्या. खिडकी तीस, दिव्याचं बटण चाळीस, कुलूप सत्तर, गॅस नव्वद, असं काहीतरी निघेल. सुरुवात तीस-चाळिशीपासून करा. हुशारी दाखवायला थेट गॅसवर जाऊ नका. अर्ध्यात माघार घेतलीत तर मेंदू नेमकं तेच शिकेल जे पुसायचं आहे.

त्यानंतरचं पाऊल लहान दिसतं, पण सगळी मेख तिथेच आहे. ते काम एकदाच करायचं, फोन कानाला न लावता, घाई न करता. कुलूप लावलं, एकदा ओढलं, पाठ फिरवली. 'खात्री वाटेपर्यंत' थांबायचं नाही. ती खात्री यायची नाहीच, ती न येता निघणं हाच सराव आहे. शंका आली तर तिच्याशी वाद घालू नका. 'लागलं असेल, नसेलही' म्हणा आणि चालू लागा.

तगमग वाढेल. वाढू द्या. 1976 च्या एका प्रयोगात रुग्णांना तपासण्यापासून नुसतं रोखून धरलं, तर ओढ काही न करताही उतरत गेली. तीन तासांत ती बरीच ओसरली होती, त्यातली मोठी उतरण सुरुवातीच्या तासाभरातलीच. मात्र एखाद्या दिवशी ती लवकर उतरली नाही म्हणजे सराव फुकट गेला, असं नाही. तपासलं नाही आणि वाईटही काही घडलं नाही, हे मेंदूला कळलं की पुरे. जमेल तर रोज, निदान आठवड्यातले बरेच दिवस करा. एक पायरी कंटाळवाणी झाली की पुढची घ्या.

चोरवाटा मात्र बुजवायला हव्यात. कुलपाचा फोटो काढून ठेवणं हेही तपासणंच. वाटेत मनातल्या मनात 'मी किल्ली फिरवली, मग ओढलं' अशी उजळणी करणं, तेही. आणि सगळ्यात फसवी वाट म्हणजे घरच्यांना विचारणं. 'अहो, लागलंय, मी पाहिलंय,' असं प्रेमानं सांगणारं माणूस नकळत मंत्रचळाला खाऊ घालतं. त्यांच्याशी शांत वेळी ठरवून ठेवा, की विचारलं तर उत्तर एकच द्यायचं: 'याचं उत्तर द्यायचं नाही, असं आपलं ठरलंय.' आवाज चढवायचा नाही आणि चेष्टाही करायची नाही.

एवढ्याशा सरावाने मेंदू खरंच बदलतो का? मानसोपचारतज्ज्ञ लुईस बॅक्स्टर यांच्या गटाने 1992 मध्ये रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रं प्रसिद्ध केली. औषधाने बरे वाटलेल्यांच्या कॉडेटमधली जास्तीची धामधूम कमी झाली होती, आणि नुसत्या वर्तन उपचाराने, म्हणजे अशाच सरावाने, बरे वाटलेल्यांचीही. म्हणून औषध की सराव, हा वाद मला फिजूल वाटतो. त्रास मोठा असेल तर दोन्ही घ्यावेत. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्यांचा ओसीडीत गुण यायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत 'फरक नाही' म्हणून त्या सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून परस्पर बंदही करू नका. मन फार खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ही वही-यादी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

जागरण, परीक्षा, घरातलं आजारपण अशा ताणाच्या दिवसांत शंका परत डोकं वर काढेल, कदाचित नवी वस्तू धरून. कुलूप सुटलं तर नळ. अशा वेळी वही उघडायची, नळाला गुण द्यायचे आणि खालच्या पायरीपासून पुन्हा सुरू करायचं.