कुत्र्यानं भाकरी सोडली, तर आधी हिरडी बघा

पेरणीच्या गडबडीत राखणीच्या कुत्र्याकडे कुणाचं लक्ष नसतं. रात्री भुंकतंय म्हणजे बरं आहे, असं आपण धरून चालतो. मग एका सकाळी ते भाकरी नुसती हुंगतं आणि कोपऱ्यात जाऊन पडतं. "हवा बदलली, होईल बरं" म्हणत घरचे दोन-तीन दिवस काढतात. गोचीड तापात नेमके तेच दिवस हातातून जातात. मृगापासून दिवाळीपर्यंतची उबदार, दमट हवा गोचिडीला फार मानवते. म्हणून हा सल्ला आत्ता, कोळपणीला हात लागण्याआधीच.

बऱ्याच गोठ्यांत एक समज पक्का आहे: गाई-म्हशींवर फवारा मारला की कुत्र्याचंही काम झालं. तसं होत नाही. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड वेगळ्या जातीची. गुरांवरची नेहमीची गोचीड एकदा चढली की त्याच जनावरावर मोठी होते. कुत्र्याची गोचीड मात्र आयुष्यात तीनदा चढते आणि तीनदा उतरते. सहा पायांचं बारीक पिल्लू रक्त पिऊन खाली पडतं, फटीत कात टाकतं, आठ पायांचं होऊन पुन्हा कुत्रं शोधतं, आणि मग तिसऱ्यांदा. रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली मादी शेवटी उतरून भिंतीवर चढते आणि कुठल्यातरी भेगेत हजारो अंडी घालून मरते. पोट रिकामं असलेली मोठी गोचीड तिथं कित्येक महिने तग धरते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच, बाकीचा कळप तुमच्या भिंतीत आहे. नुसतं कुत्रं धुऊन हा रोग का हटत नाही, याचं उत्तर इथं आहे.

या गोचिडी दोन मोठे आजार आणतात. बबेशिया हा सूक्ष्म परजीवी तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. त्याची एक जात 1910 साली पॅटन या संशोधकांनी मद्रासमधल्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात पहिल्यांदा पाहिली, आणि पुढे कोल्ह्यांतही. दुसरा एर्लिकिया. तो जिवाणू पांढऱ्या पेशींत राहतो, आणि त्याच्यामुळे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी होतात. कधी कधी दोन्ही एकाच कुत्र्यात सापडतात.

ओळखायचं कसं? वरचा ओठ उचला. निरोगी हिरडी गुलाबी असते, बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परततो. हिरडी पांढरट पडली असेल तर रक्त कमी झालंय. काही कुत्र्यांची हिरडी मुळात काळी असते, त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लघवी कोऱ्या चहासारखी, डोळे पिवळे, ही बबेशियाची खूण. गाईच्या लाल लघवीचा आजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच उमजेल. नाकातून रक्त येणं, पोटाच्या उघड्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके, डोळ्यावर निळसर सारा, ही बहुधा एर्लिकियाची. ताप दोन्हींत. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट, त्यामुळे आपल्यापेक्षा गरम लागलं म्हणून घाबरू नका. 103 च्या पुढं गेलं तर मात्र थांबू नका.

गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच एर्लिकिया कुत्र्याच्या रक्तात उतरू शकतो. बबेशियाला साधारण एक-दोन दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा नव्हे, रोज संध्याकाळी धार काढून झाली की पाच मिनिटं कुत्र्याला द्या. कानाच्या आत, पट्ट्याखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, काखेत, जांघेत, शेपटीखाली. चिमट्यानं गोचीड कातडीलगत धरायची आणि सरळ ओढायची, पिळायची नाही. नखांवर चिरडू नका. याच गोचिडीतून माणसालाही ताप येऊ शकतो. साबणाच्या पाण्यात टाका, हात धुवा. काडी लावणं, रॉकेल चोळणं यानं कुत्रं भाजतं आणि गोचीड तशीच राहते.

आता भिंत. कुत्रं निजतं तिथलं गोणपाट जाळून टाका किंवा उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. दगड-मातीच्या भिंतीच्या भेगा, ओट्याचे सांधे, दाराच्या चौकटीमागची फट बुजवा आणि वर चुना मारा. भिंत दगडी असेल आणि आसपास कडबा, लाकूड, वायर काहीच नसेल, तर फ्लेम गन (ज्योत सोडणारं यंत्र) फिरवता येते, पण पाण्याची बादली हाताशी ठेवूनच. गोठ्यासाठी मिळणारं गोचीडनाशक भेगांत मारायचं तर डब्यावरच्या प्रमाणातच, कुत्रं आणि कोंबड्या बाहेर काढून, आणि जागा पूर्ण वाळल्यावरच त्यांना आत घ्यायचं. दोन-तीन आठवड्यांनी हे पुन्हा करायचं, कारण तोवर मागची अंडी उबतात. ही दुसरी फेरीच बहुतेक जण विसरतात.

कुत्र्याच्या अंगासाठी आता चांगली औषधं आहेत. फ्लुरालानरची गोळी सुमारे बारा आठवडे चालते, अफोक्सोलानरची महिनाभर. गोळी वजनावर ठरते आणि झटके येणाऱ्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. महाग वाटते खरी, पण आजारी कुत्र्याच्या तपासण्या आणि सलाईनपुढं स्वस्तच पडते. फिप्रोनिलचा फवारा किंवा थेंब वापरणार असाल तर आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. अमिट्राझ हे अंगाला लावायचं औषध लहान पिल्लांना नको, आणि मोठ्यालाही अंग वाळेपर्यंत चाटू देऊ नका.

एक गोष्ट कळवळून सांगतो. पिकाचं थायमेट किंवा दुसरं कुठलंही कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर चोळू नका. कुत्रं अंग चाटतं, आणि गोचिडीआधी तेच मरतं. गुरांचं पाठीवर ओतायचं औषधही त्याला नको. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं औषधसुद्धा तिच्यापासून लांब ठेवा.

कुत्रं आजारी पडलंच, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्त तपासून घ्या. काचेवर पसरलेला एक थेंब आणि प्लेटलेट्सची संख्या, एवढ्यानंही पुष्कळ कळतं. घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी देऊ नका, आधीच रक्त गोठत नसताना पोटात रक्तस्राव होऊ शकतो. गाईसाठी आणलेलं बबेशियाचं इंजेक्शन अंदाजानं टोचू नका. कुत्र्यात योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण 28 दिवस द्यावं लागतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रं शेपूट हलवत भाकरी खायला लागतं आणि तिथंच गोळ्या थांबतात. महिन्या-दोन महिन्यांनी तेच कुत्रं जास्त खालावून परत येतं. गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटते, म्हणून दूध-भाकरीऐवजी साध्या भाताच्या घासात द्या, दुधानं औषधाचा गुण कमी होतो.

बरं झालेल्या कुत्र्याच्या रक्तात बबेशिया छुपा राहू शकतो, आणि कुत्र्यांच्या भांडणात चाव्यातूनही तो पसरतो. म्हणून अशा कुत्र्याला काही महिने शेजारच्या कुत्र्यांशी भिडू देऊ नका, महिन्याभरानं रक्त पुन्हा तपासा, आणि गोचिडीच्या गोळीची पुढची तारीख कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहून ठेवा.