थकलेले भाडे आणि वाचलेले घर

पुण्यातील जुन्या वाड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीचे भाडे आजारपणात थकले आणि मालकाने जागेच्या ताब्यासाठी लघुवाद न्यायालयात दावा लावला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून मी तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नेले. वकीलबाईंनी आधी समन्स कधी बजावले ते विचारले. कारण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ नुसार, त्या तारखेपासून ९० दिवसांत सारी थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि पुढील भाडे नियमित भरत राहिले, तर थकबाकीपोटी घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. पाटल्या गहाण टाकून आम्ही रक्कम मुदतीत भरली (घराबाहेर पडण्यापेक्षा व्याज परवडले), चलनाची प्रत जपून ठेवली आणि दावा फेटाळला गेला.