तुटलेला बेल्ट फेकू नका: सोलापुरी उन्हात स्कूटरचा बेल्ट आणि क्लच कसा सांभाळायचा

एक्सलेटर पिळला, इंजिन ओरडलं, गाडी मात्र जागच्या जागी. बिनगिअरच्या स्कूटरचा बेल्ट तुटला की हेच होतं. मग गाडी ढकलत गॅरेजला न्यायची, नवा बेल्ट टाकायचा, पैसे द्यायचे आणि जुना तिथल्या कचऱ्यात. खरी चूक इथेच होते. बेल्ट कुठून, कसा तुटला ते पाहिलं नाही तर नवा बेल्ट दोन-तीन हजार किलोमीटरवर पुन्हा तुटतो आणि मग दोष कंपनीला किंवा दुकानदाराला जातो. त्यामुळे गॅरेजमध्ये पहिलं वाक्य हेच बोला: "जुना बेल्ट मला दाखवा, आणि त्याचे तुकडे पण."

आतली रचना आधी थोडक्यात. डाव्या बाजूच्या लांबट कव्हरखाली दोन पुली असतात. पुढची इंजिनच्या क्रँकवर, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर बसलेली, तिलाच व्हेरिएटर म्हणतात. तिच्या पोटात बहुतेक स्कूटरमध्ये सहा रोलर असतात. वेग वाढला की रोलर बाहेर सरकतात, पुली मिटते आणि बेल्ट वर चढतो. मागची पुली मोठ्या स्प्रिंगच्या जोरावर मिटलेली असते, ती तेवढ्याच प्रमाणात उघडते. मागच्या पुलीलाच क्लचचे शू, म्हणजे घर्षणाचं लायनिंग लावलेले तुकडे, जोडलेले असतात. ते फाकून क्लचच्या वाटीला आतून घासतात आणि चाक फिरतं. बेल्ट आणि क्लच एकाच बंद डब्यात, एकाच हवेवर जगतात. एक तापला की दुसरा भाजतो.

बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईललाही असाच बेल्ट आणि अशाच दोन पुली असतात. फरक इतकाच की तिथे पुढची पुलीच क्लचचं काम करते. थंडीत रबर कडक होतं म्हणून ते लोक निघण्याआधी बेल्ट हळूहळू गरम करतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेलेला असतो आणि डांबर त्याहून तापलेलं. आपल्या बेल्टला गरम करायची गरज नाही, वारा पोचवायची आहे.

हा वारा येतो कुठून? पुढच्या पुलीच्या बाहेरच्या तबकडीवर पंख्याची पाती असतात. ती बाहेरची हवा आत ओढतात आणि कव्हरच्या दुसऱ्या टोकाने फेकतात. हवा आत येण्याच्या वाटेवर बऱ्याच मॉडेलमध्ये स्पंजचा किंवा जाळीचा छोटा फिल्टर असतो. इंजिनचा एअर फिल्टर वेगळा, हा वेगळा. सर्व्हिसिंगमध्ये पहिला बदलला जातो, दुसऱ्याला कोणी हात लावत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा पूर्व भागात यंत्रमागाच्या आसपास रोज गाडी लागत असेल तर त्या स्पंजवर टॉवेल-चादरीच्या सुताची लव आणि धूळ मिळून नमदा तयार होतो. बोटाने सोलला तर पापुद्रा निघतो. अशा गाडीचा स्पंज दर दोन हजार किलोमीटरला साबणाच्या पाण्यात धुवा, पिळा, सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. ओला स्पंज बसवू नका, त्यातलं पाणी थेट बेल्टवर जातं. फाटला असेल तर नवा घ्या. काढून फेकून देणं हा उपाय नव्हे. मग तीच लव पुलीवर जाऊन बसते.

आता जुना बेल्ट हातात घ्या.

दोन्ही कडा आरशासारख्या चकचकीत आणि कडक झाल्या असतील तर बेल्ट पुलीत घसरत होता. घसरण्याची कारणं ठरलेली: रोलर एका बाजूने चपटे झालेले, मागची पुली सुकलेल्या ग्रीसमुळे अडकून चालणारी, मागची मोठी स्प्रिंग ढिली, किंवा पुलीच्या तोंडावर तेल. आतल्या बाजूच्या दातांच्या मुळाशी बारीक भेगा असतील तर वय आणि उष्णता. बेल्ट उलटा वाकवून उजेडात धरला की त्या दिसतात. एका कडेचे दोरे सुटून केसासारखे लोंबत असतील तर पुलीच्या तोंडावर टवका किंवा ओरखडा आहे, किंवा पुली एका रेषेत नाहीत. तिथे नखाने चाचपा, अडकलं तर पुली बदला. बेल्ट फुगलेला, मऊ, तेलकट असेल तर क्रँकचं किंवा मागच्या गिअरबॉक्सचं ऑईल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी रिंग, गेली आहे. सील न बदलता बेल्ट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. गिअर ऑईल ११० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत बदलताना साधारण १०० ते १२० मिली लागतं. "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणून ओतलेलं तेल बाहेर वाट शोधतंच.

बाकी सगळा बेल्ट धडधाकट आणि एकाच जागी सरळ कापल्यासारखा तुटला असेल, तर बसवताना तो कुठेतरी दुमडला होता किंवा मोठा झटका बसला. दुमडलेल्या जागी आतली दोरी आधीच तुटते. वरून काहीच दिसत नाही.

तुटला नसेल तरी व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या पट्टीने) रुंदी तीन-चार जागी मोजा. नव्याची रुंदी आणि कमीत कमी चालणारी रुंदी त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. झिजलेला बेल्ट पुढच्या पुलीवर पूर्ण वर चढत नाही, त्यामुळे टॉप स्पीड घटतो आणि इंजिन उगाच जास्त फिरतं. पिकअप गेला म्हणून कार्ब्युरेटर किंवा प्लग बदलत बसणाऱ्यांनी आधी हे पाहावं. किलोमीटरचा अंदाज म्हणाल तर १००-१२५ सीसीच्या गाडीचा बेल्ट वीस ते चोवीस हजारांदरम्यान बदलावा. ओझं वाहणाऱ्या गाडीचा बारा-पंधरा हजारांनंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला उघडून पाहावा.

क्लचची लक्षणं वेगळी असतात. सिग्नल सुटल्यावर गाडी थरथरत निघते, जळक्या ब्रेकसारखा वास येतो, चढावर इंजिन फिरतं पण वेग येत नाही. वाटी काढून आतून पाहा. पोलाद साधारण ३०० अंशांच्या आसपास निळं पडतं, म्हणजे आत निळा पट्टा असेल तर वाटी तेवढी तापून गेली आहे. ठिपक्या-ठिपक्यांनी निळी असेल तर ती वाकडी झाली असण्याची शक्यता जास्त, आणि थरथर तिथूनच येते. चार दिशांनी आतला व्यास मोजा: १२५ मिमीची वाटी १२५.५ च्या पुढे गेली किंवा चारही मापं सारखी आली नाहीत तर ती बदलायची. शूवरचं लायनिंग २ मिमीपर्यंत आलं की तिन्ही शू छोट्या स्प्रिंगांसकट एकदम बदला. एकच शू बदलला तर तो एकटाच धरतो आणि थरथर वाढते. लायनिंग जाड आहे पण काचेसारखं झालं असेल तर ८० किंवा १०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने चमक काढा, वाटीलाही आतून तसंच करा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. ही धूळ तोंडाने फुंकू नका, कॉम्प्रेसरनेही उडवू नका. नाकाला फडकं बांधा आणि ओल्या कापडाने टिपा.

आयडल, म्हणजे एक्सलेटर न पिळता इंजिन फिरण्याचा वेग, जास्त ठेवलेली गाडी क्लच गुपचूप खाते. सिग्नलला उभी असताना मागचं चाक पुढे ओढतंय आणि ब्रेक दाबून धरावा लागतोय, म्हणजे शू सतत घासत आहेत. छोट्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या तरी हेच होतं. आयडल मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. तरी ओढत असेल तर स्प्रिंगा बदला.

बेल्ट बदलण्याचं काम गाडी गार झाल्यावर, डबल स्टँडवर. कव्हरचे बोल्ट बहुधा ८ च्या गोटी पान्याने निघतात, पण सगळे सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, त्याच जागी भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचून ठेवा. लांब बोल्ट चुकीच्या जागी गेला की क्रँककेसच्या आट्या जातात आणि शंभर रुपयांचं काम हजारांत जातं. कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या मागच्या दोन डॉवेल पिना कुठे पडल्या ते पाहा.

पुढचा नट सोडताना पुली धरायला होल्डरच वापरा. पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवून नट सोडणं ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. पाती तुटतात, वारा कमी होतो आणि पुढचा बेल्ट त्याच कारणाने मरतो. गॅरेजमध्ये उभे असाल तर एवढं तरी टोका. पुढची तबकडी निघाली की मागच्या वाटीचा नट, मग वाटी, मग मागची पुली क्लच आणि बेल्टसकट बाहेर. मोठ्या स्प्रिंगवरचा मोठा नट मात्र स्प्रिंग दाबायचं हत्यार असल्याशिवाय सोडू नका, तो तोंडावर उडतो.

बेल्ट तुटला असेल तर तुकडे आणि दोरे पूर्ण काढा. ते किकच्या गिअरमध्ये, व्हेरिएटरच्या मागे आणि हवा बाहेर जाण्याच्या जाळीत अडकतात. व्हेरिएटर काढताना मागची प्लेट बोटांनी दाबून धरा, नाहीतर रोलर सांडतात; उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. एक रोलर चपटा असला तरी सहाही बदला, आणि वजन कंपनीचंच घ्या. "हलके टाकले की पिकअप वाढतो" हे अर्धं खरं आहे: इंजिन जास्त फिरतं, ॲव्हरेज घटतं आणि उन्हात डबा जास्त तापतो. रोलर बहुतेक गाड्यांत कोरडेच चालतात, तिथे ग्रीस भरलं तर ते वितळून बेल्टवर येतं. ग्रीसची जागा मागच्या पुलीच्या पिना आणि खाचा. तिथे जास्त तापमान सोसणारं ग्रीस, तेही पाच-सहा ग्रॅम. पुलीची तोंडं भांड्याच्या घासणीने आणि ब्रेक क्लीनरने साफ करा, नव्या बेल्टला तेलकट हात लावू नका.

बसवण्यात एक जागा अशी आहे की अनुभवी माणूसही तिथे घाईत फसतो. मागच्या पुलीची तोंडं दोन्ही हातांनी फाकवा आणि बेल्ट तिच्यात खोल बुडवा, म्हणजे पुढच्या बाजूला बेल्ट सैल होतो. तो सैल बेल्ट पुढच्या बोथट नळीवर, म्हणजे बॉसवर, लोंबता ठेवा आणि मग तबकडी लावा. बेल्ट ताठ राहिला तर तबकडी आणि बॉस यांच्यामध्ये तो चिमटला जातो. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, टॉर्कही (कसण्याचा ठरलेला जोर) येतो, पण तबकडी खाचांवर पूर्ण बसलेलीच नसते. दहा-वीस किलोमीटरवर चिमटलेला भाग दबतो, नट ढिला होतो आणि क्रँकच्या खाचा घासून जातात. नट कसण्याआधी बेल्ट बोटाने डावी-उजवीकडे हलतोय का पाहा, कसल्यानंतर पुढची पुली हाताने फिरवून बेल्ट हळूहळू वर येऊ द्या. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने. नटांचा टॉर्क मॉडेलप्रमाणे साधारण ४५ ते ६० न्यूटन-मीटरच्या घरात असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. इम्पॅक्ट गन नट सोडायला ठीक, कसायला नको.

पहिले शंभर किलोमीटर फुल एक्सलेटर आणि ट्रिपल सीट टाळा.

चालवण्याच्या सवयींतला घातक प्रकार म्हणजे रेंगाळणं. साधारण ताशी पंधरा किलोमीटरच्या आत शू अर्धवट धरलेले असतात, आणि तिथेच सगळी उष्णता तयार होते. चादरींचे गठ्ठे लादून नवी पेठेच्या गर्दीत माणसाच्या चालीने गाडी रेटणं, किंवा कोजागरीला तुळजापूरला चालत निघालेल्यांच्या मधून घाट चढणं, हे क्लचला सपाट रस्त्यावरच्या पन्नास किलोमीटरपेक्षा भारी पडतं. गर्दीत थोडं थांबा, मोकळी जागा झाली की नीट वेग घेऊन पुढे जा, पुन्हा थांबा. चढावर एक्सलेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक लावा. वास आला तर बाजूला घ्या आणि इंजिन एक-दोन मिनिटं आयडलवर चालू ठेवा, म्हणजे पंखा फिरत राहतो; मग बंद करून पंधरा मिनिटं सावलीत.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा डाव्या कव्हरच्या जाळीत मारू देऊ नका. पाणी गेलंच आणि बेल्ट घसरायला लागला तर डबल स्टँडवर हलक्या एक्सलेटरने काही मिनिटं फिरवा. तळाशी पाणी काढायची नळी असेल तर तिचं बूच काढा.

वाटेत तुटला तर किक मारत बसू नका, दोरे आणखी गुंडाळले जातात. क्लच सुटलेला असल्याने चाक मोकळं फिरतं, गाडी ढकलता येते. चाक अडकत असेल तर मात्र टेम्पो बोलवा. नवा बेल्ट बसला की कव्हरच्या आतल्या बाजूला पेंट मार्करने तारीख आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी कव्हर उघडणारा कोणीही असो, त्याला विचारावं लागणार नाही.