वरचा मजला किरायाने देण्याआधी

जाहिरात टाकायची ती सगळ्यात शेवटी. इंदुरात अजूनही कित्येक फाटकांवर ‘मकान किराये से देना है’ अशी पाटी लटकते. ती पाटी वाचणारा निदान गल्लीपर्यंत आलेला असतो. रस्ता, शेजार, समोरचं किराणा दुकान सगळं पाहूनच बेल वाजवतो. पोर्टलवरची जाहिरात वाचणारा पलंगावर लोळत अंगठ्याने स्क्रीन सरकवत असतो. विचारायला पैसे पडत नाहीत, म्हणून विचारतो. पहिल्या एकदोन दिवसांत येणाऱ्या फोनांत दलाल असतात, ‘लास्ट कितना होगा?’ एवढंच विचारून कायमचे गप्प होणारे असतात, आणि नुसतं ‘हाय’ पाठवून तुमच्याकडून पुढच्या संभाषणाची अपेक्षा ठेवणारेही असतात. यातून घरात ठेवण्याजोगं माणूस शोधायचं, तर फोन वाजायला लागण्याआधी बरंच काही उरकून ठेवावं लागतं.

पहिलं काम घरातल्या घरात करायचं. सगळ्यांना एकत्र बसवून घर कोणाला द्यायचं ते ठरवा, कारण लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, आपल्या घरांत सासूबाईंना ‘चांगलं कुटुंब’ हवं असतं, मुलाला सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत नोकरी करणारी पोरं चालतात आणि यजमानांना कोणीही चालतं, फक्त भाडं एक तारखेला आलं पाहिजे. हा वाद भाडेकरू जिन्यात उभा असताना निघाला तर फार शोभा होते. भंवरकुआंच्या कोचिंगला येणारी पीएससीची मुलं शांत असतात, पण ती दोघं म्हणून येतात आणि परीक्षेच्या आधी चौघं होतात. पिथमपूरच्या कारखान्यांत जाणाऱ्याची पाळी बदलते, म्हणजे रात्री फाटक उघडायचं कोणी हा प्रश्न आलाच. कुटुंब असेल तर गाड्या किती, म्हातारं माणूस असेल तर जिना चढवेल का. मांस-मच्छी चालणार की नाही, कुत्रं चालेल का, गावाकडचे पाहुणे आले तर किती दिवस, गच्चीवर कपडे वाळवायचे का, हे सगळं कागदावर लिहून टाका. अट कुठलीही असो, ती जाहिरातीतच हवी. विजय नगरहून रिक्षा करून आलेल्या माणसाला ओटा दाखवल्यावर ‘नॉनव्हेज बनवता का?’ विचारणं हा त्याच्या अख्ख्या दुपारचा अपमान आहे. जातीधर्माचं मात्र मी विचारत नाही. आडनाव बघून भाडं वेळेवर येतं, असं मला तरी कधी दिसलेलं नाही. मागच्या घरी ते किती तारखेला जात होतं, यावरून बरंच कळतं.

मग पाणी. बाहेरगावच्या माणसाला इंदूरच्या पाण्याची कल्पना नसते. नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटरवरून वर चढवून आणतात आणि पुष्कळ वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं. तुमच्याकडे किती वाजता येतं, किती वेळ असतं, हौद केवढा, बोरिंग उन्हाळ्यात टिकते का, टँकर मागवावा लागला तर पैसे कोण देणार, मोटर चालू कोणी करायची, हे आधी लिहून काढा. पुण्याहून बदलून आलेला कोणी ‘चोवीस तास पाणी आहे ना?’ असं विचारील. त्याला नुसतं ‘हो हो, भरपूर’ म्हणू नका. आपल्याकडच्या भांडणांपैकी अर्धी या एका ‘भरपूर’मधून निघतात.

विजेचं तसंच. वरच्या मजल्याला स्वतंत्र मीटर असेल तर उत्तम. सबमीटर असेल तर युनिटचा दर कसा धरणार ते आधीच सांगा. महिन्याला १५० युनिटच्या आत राहणाऱ्याला पहिले १०० युनिट १०० रुपयांत देणारी गृहज्योती योजना एका मीटरवर दोन संसार चालवले की हातची जाते, कारण दोघांचे युनिट एकत्र मोजले जातात. हे नुकसान कोणाच्या खिशातून, ते आधी ठरलेलं बरं.

आता फोटो. ते दिवसा, खिडक्या उघडून काढा. हॉलचे सहा आणि न्हाणीघराचा एकही नाही, असं करू नका. न्हाणीघर, ओटा, सिंकखालची जागा आणि गाडी लावायची जागा हेच लोकांना पाहायचं असतं. दारावरची नावाची पाटी, घर क्रमांक, गाडीचा नंबर, मागे टांगलेले घरातल्यांचे फोटो चौकटीत येऊ देऊ नका. पत्ता वस्तीपुरता आणि जवळच्या चौकापुरता पुरे. पूर्ण पत्ता, बघायला येणं नक्की झाल्यावर. मजकुरात भाडं नेमक्या आकड्यात लिहा. ‘फोनवर बोलू’ लिहिलं की फक्त फोन वाढतात. डिपॉझिट किती महिन्यांचं, देखभालीचे वेगळे की आत, घर कधी रिकामं होणार, किमान किती दिवस राहायला हवं, गाडीला जागा आहे की फक्त स्कूटरला, हेही तिथेच. डिपॉझिटबद्दल म्हणाल तर केंद्राने २०२१ साली राज्यांसाठी जो नमुना भाडेकरू कायदा काढला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. कोणी त्यापेक्षा जास्त मागितलं की शहाणा भाडेकरू आता हेच ऐकवतो, म्हणून उत्तर तयार असू द्या.

जाहिरातीत रोजचा नंबर देऊ नका. जुन्या फोनमध्ये एक स्वस्त सिम घाला आणि तो फोन संध्याकाळी ठरावीक तासभरच हातात घ्या. पोळ्या लाटताना ‘अंकल जी हैं क्या?’ असले फोन उचलायचे नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हिंदीत लिहून ठेवा, कारण विचारणारे बहुतेक हिंदीतच बोलणार: कोण कोण राहणार, काय काम करता आणि कुठे, सध्या कुठे राहता आणि ते घर का सोडता, कधीपासून हवं, गाड्या किती. जो येईल त्याला तोच मजकूर. दलाल इथेच गळतात. ‘पार्टी है मेरे पास’ म्हणत येणाऱ्याला पार्टी कुठे नोकरी करते ते सांगता येत नाही. ‘हाय’वाले गळतात. काही जण उत्तराऐवजी पुन्हा भाडंच विचारतात, जे जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं. त्यांचा राग येतो, पण त्यांच्याशी वाद घालत बसायची गरज नाही, पुढचा मेसेज बघा. ज्यांनी पाचही उत्तरं नीट दिली असे थोडेच उरतील, आणि फोनवर बोलायचं ते त्यांच्याशी. ‘घर का सोडता?’ याचं उत्तर जरा लक्ष देऊन ऐका. ‘मालकाचा मुलगा परत येतोय’ हे ठीक. ‘मकान मालिक बहुत खिटपिट करता था’ हे ऐकलं की खिटपिट कशावरून, ते हसतहसत विचारून घ्यायचं.

एका पाहुण्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण इंदुरात तो फार खपतो. फोन येतो, आवाज अदबीचा, प्रत्येक वाक्यात ‘सर’ किंवा ‘मॅडम’. सांगतो की मी फौजेत आहे, महूला बदली झालीय, कुटुंबासाठी घर हवंय, फोटो पाहिले, पसंत आहे. आपल्याला ते खरं वाटतं, कारण महू वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, तिथे इन्फन्ट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, आणि खरे फौजी तिथे बदलून येतातच. मग तो ओळखपत्राचा आणि गणवेशातला फोटो पाठवतो. घर बघायला येणार नाही, कारण ‘ड्यूटी पर हूँ’. घासाघीस करत नाही, इथेच कान टवकारले पाहिजेत. डिपॉझिट आत्ता लगेच पाठवतो म्हणतो, पण ‘आमच्या खात्याची पद्धत वेगळी आहे’: आधी तुम्ही एक रुपया पाठवा, किंवा मी पाठवतो तो क्यूआर स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील. पैसे घेण्यासाठी स्कॅनही करावं लागत नाही आणि पिनही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. घरातल्या ज्येष्ठांना हे जाहिरात टाकण्याच्या आदल्या दिवशी समोर बसवून सांगा, फोन त्यांच्याकडे असणार असेल तर दोनदा सांगा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच क्षणी फोन करायचा. नातेवाइकांना विचारत संध्याकाळ घालवायची नाही. खऱ्या फौजीला वाईट वाटेल याची काळजी करू नका. तो येऊन घर बघतो, आणि नळ उघडूनही बघतो.

घर दाखवायला रविवारची सकाळ ठेवा, अर्ध्या-अर्ध्या तासाने एकेक. शनिवारी रात्री प्रत्येकाला विचारा, येतोय ना; उत्तर नसेल तर ती वेळ दुसऱ्याला. ‘बस रास्ते में हूँ’ म्हणणाऱ्यासाठी पोहे थंड करू नका. घरात एकटं असताना कोणालाही वर नेऊ नका, शेजारच्या काकांना चहाला बोलावून ठेवा. जुना भाडेकरू अजून राहत असेल तर त्याची परवानगी आधी घ्या. सामान त्याचं आहे. येणाऱ्याला तुमचे नियम वाचायला द्या आणि त्याला काय विचारायचंय ते विचारू द्या. ओला-सुका कचरा वेगळा ठेवता ना, हे मी सहज विचारते. २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, त्याचा व्यावहारिक अर्थ असा की सकाळी गाडी आली की कचरा निवडलेला लागतो, आणि वरच्या मजल्याची एकत्र केलेली पिशवी आली की बोलणी खालच्या मजल्याला बसतात. या प्रश्नावर जो चिडतो, त्याचं पुढे बाकीच्या गोष्टींतही जमत नाही.

पसंत पडला तर लगेच हो म्हणू नका, एक दिवस मागा. आधारच्या कार्डावरचा क्यूआर आधारच्याच अधिकृत अ‍ॅपने तपासता येतो. नुसती झेरॉक्स बघून काही कळत नाही. झेरॉक्स ठेवून घेणार असाल तर त्यावर ‘फक्त भाडेकरारासाठी’ आणि तारीख लिहा, समोरच्यालाही बरं वाटतं. नोकरीचं ओळखपत्र बघा, पण त्याहून उपयोगी म्हणजे मागच्या काही महिन्यांत भाडं ज्या तारखांना गेलं त्या बँकेतल्या नोंदी. आधीच्या मालकाशी बोलायचं असेल तर आत्ताच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या. आत्ताच्याला माणूस घालवायचा असेल तर तो स्तुतीच करणार. आणि ‘माणूस कसा आहे?’ असं विचारू नका, ‘अच्छा है’ एवढंच मिळतं. ‘विजेचं बिल कधी द्यायचे? सोडताना डिपॉझिटमधून काही कापलं का?’ असं विचारा. विद्यार्थी असतील तर आईवडिलांशी बोला आणि करारावर त्यांचीही सही घ्या.

कागद अकरा महिन्यांचाच का करतात, तर १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांचाही नोंदवला तर बिघडत नाही. लेखी काहीच नसेल तर महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते, पण नोटीस दिली म्हणजे घर रिकामं झालं असं नाही. मध्यप्रदेशात १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम, म्हणजे भाडेनियंत्रण कायदा, आहे आणि घर खाली करून घ्यायला त्यातल्या कारणांपैकी एक दाखवावं लागतं. थकलेलं भाडं हे एक कारण, तेही मागणीची नोटीस दिल्यावर दोन महिन्यांत पैसे आले नाहीत तर. निवृत्त सरकारी नोकर आणि विधवा मालकिणींना स्वतःच्या गरजेसाठी घर परत मिळवायची वेगळी वाट याच कायद्यात आहे; आपल्या वस्त्यांत दोन्ही पुष्कळ, म्हणून वकिलाला ते मुद्दाम विचारा. ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याचं टाळू नका. डिसेंबर २०२१ पासून इंदुरात पोलीस कमिश्नर आहेत, त्यांचे याबद्दलचे आदेश निघत असतात, आणि माहिती न देणाऱ्या मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होऊ शकतो. एमपी पोलिसांच्या पोर्टलवरून घरबसल्याही देता येते. भाड्याने दिलेल्या भागाला नगर निगमच्या संपत्तिकरात स्वतः राहण्याची सूट मिळत नाही, तेही हिशेबात धरा. वर्षाचं भाडं लाखावर जात असेल तर नोकरदार भाडेकरू घरभाडं भत्त्यासाठी तुमचा पॅन मागणारच.

टोकन एकाकडूनच घ्या, पावती द्या, आणि तो फिरला तर पैसे परत की नाही हे पावतीवरच लिहा. त्याच तासाला सगळ्या पोर्टलांवरून जाहिरात काढा, नाहीतर दिवाळीच्या फराळात ‘अभी खाली है क्या?’ सुरूच. ज्यांना नाही म्हणायचं त्यांना एक ओळ पाठवा. ताटकळत ठेवलं की ते पुन्हा पुन्हा विचारतात आणि चूक त्यांची नसते. चाव्या देताना मीटरच्या आकड्याचा फोटो दोघांच्या फोनवर घ्या. पंखे, ट्यूब, गीझर, नळ यांची यादी करून सही घ्या. मोटरच्या बटणाशी नर्मदेच्या वेळांचा कागद चिकटवा, आणि पहिल्या पाळीला स्वतः वर जाऊन टाकी कुठवर भरते ते दाखवून या.