जुन्या स्कूटरचं मॅग्नेटो टायमिंग: आधी गॅप, मग प्लेट
मॅग्नेटो म्हणजे फ्लायव्हीलमधल्या चुंबकांनी ठिणगीची वीज बनवणारा भाग, आणि पॉइंट म्हणजे त्यातला उघडमीट होणारा संपर्क; तो उघडला की ठिणगी पडते. पॉइंटवाल्या जुन्या स्कूटरचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावण्याआधी पॉइंटची गॅप, म्हणजे तो पूर्ण उघडल्यावरचं अंतर, नक्की करा. बहुतेक ठिकाणी ०.४ मिमीच्या आसपास, पण मॅन्युअलचा आकडा खरा. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग आपोआप पुढे जातं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. पॉइंट कधी उघडतो ते बघायला बॅटरी-बल्ब लावायचा मोह होतो, पण पॉइंट उघडला तरी करंट कॉइलमधून बॉडीत (अर्थला) जातो आणि बल्ब पेटलेलाच राहतो. त्यापेक्षा सिगारेटच्या पाकिटावरचा सेलोफेन पॉइंटमध्ये अडकवा, प्लग काढा, फ्लायव्हील सुलट, म्हणजे इंजिन फिरतं त्याच दिशेला, हळूहळू फिरवा. फ्लायव्हील आणि केसिंगवरच्या टायमिंगच्या खुणा जुळतात तिथेच सेलोफेन अलगद सुटला पाहिजे. उशिरा सुटला तर स्टेटर प्लेट (पॉइंट आणि कॉइल बसवलेली प्लेट) फ्लायव्हीलच्या फिरण्याच्या उलट दिशेला केसभर सरकवा, लवकर सुटला तर त्याच दिशेला. प्लेटचे स्क्रू गाठायला फ्लायव्हील उतरवावं लागलं तर पुलरच (ते ओढून काढायचं हत्यार) वापरा, हातोडी अजिबात नको.